पोरगं जोरात टाकतंय, पण त्याला टाकायला लावायचं कधी?

पंचगंगाकाठ
रविवार, रात्री १०:४२

मंडळी, डोकं चालेना म्हणून विचारतोय. आमची पेठेतली साधी टीम. वय झालं तसं मी खेळायचं सोडलं आणि टीम सांभाळायला लागलो. म्हणजे फॉर्म भरणं, चेंडू आणणं, ग्राउंडसाठी चकरा मारणं आणि हरल्यावर शिव्या खाणं. यंदा एक पोरगं घावलंय. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचं, वय १९. लेदरचा चेंडू हातात धरून जेमतेम दोन वर्षं झाली असतील. रन-अप लांब नाही, उडीही फार नाही, पण मनगटात काय आहे देव जाणे. टप्पा पडला की चेंडू चवताळून वर येतो आणि बॅट्समनच्या ग्लोव्हजवर आपटतो. आमचा कीपर दर मॅचनंतर तळहात दाखवत फिरतो.

मागच्या शनिवार-रविवारी दोन दिवसांची मॅच होती. नवा चेंडू याच्याकडं दिला. पहिल्या पाच ओव्हरमध्ये चार गडी. समोरच्यांचे १९ ला ४. मी बाउंड्रीबाहेरून ओरडलो, "चालू ठेव रं!" कॅप्टननं चालू ठेवलं. सलग अकरा ओव्हर. सहाव्या ओव्हरपासून एकही गडी नाही. लंचनंतर परत सहा. चहानंतर त्यांची सातव्या गड्याची जोडी बसली, म्हणून पुन्हा यालाच हाक. तीन ओव्हर टाकल्या, शेवटच्या ओव्हरला दोन नो-बॉल आणि कमरेएवढा एक फुलटॉस. समोरच्यांनी २६० केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. आम्ही पहिल्या डावात ३० नं मागं होतो, पण दुसऱ्या डावात त्यांना गुंडाळायची संधी होती. आणि आमची तोफ पाठीला बर्फ लावून तंबूत बसलेली.

संध्याकाळी मामाकडं जेवायला गेलो. मामा म्हणाला, "कपिल देवनं कधी वर्कलोड म्हटलं का? आजकालची पोरं काचेची." मावसभावानं त्यात काडी टाकली, "बुमराला इंग्लंडमध्ये पाचातल्या तीनच टेस्ट खेळवल्या. आपण जिंकलो त्या दोन्ही टेस्टमध्ये तो नव्हता. मग त्याचा उपयोग काय?" तांबडा रस्सा निवला पण वाद निवला नाही.

तर माझा प्रश्न असा. टेस्टमध्ये फास्ट बोलरची ताकद नेमकी कशी वापरतात? किती ओव्हर द्यायच्या एवढंच मला नको आहे. कधी, कुठल्या एंडनं (पिचच्या कुठल्या टोकाकडनं), कुणासमोर आणि कशासाठी, हे जाणकारांनी सांगावं. त्यातलं आमच्या दोन दिवसांच्या मॅचला काय लागू पडतं ते मी बघतो.

नादखुळा_९९
रविवार, रात्री ११:०५

काका, लई सोपं आहे. २०१३-१४ ची ॲशेस बघा, ऑस्ट्रेलिया-इंग्लंडची टेस्ट मालिका. ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन क्लार्कनं मिचेल जॉन्सनला तीन-तीन, चार-चार ओव्हरचे स्पेल, म्हणजे सलग टाकायचे हप्ते, दिले. पोट्टा आला, जाळ काढला, गेला. ३७ विकेट, सरासरी १३.९७, मालिका ५-०. तुमच्या पोरालाही तीनच ओव्हर द्या. आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तसा त्याचा यॉर्कर, बॅटच्या बुडात पडणारा चेंडू, राखून ठेवा. विषय कट.

रफिंगकट
सोमवार, सकाळी ७:२०

पंचगंगाकाठ, तुमची पोस्ट वाचून माझीच पाठ भरून आली.

मी १९९६ साली कॉलेजकडून टाकायचो. कुठलं कॉलेज ते सोडा. मॅटिंगवर चेंडू छातीपर्यंत यायचा आणि आपण वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल आहोत असं वाटायचं. एका मॅचमध्ये मी दिवसभरात २६ ओव्हर टाकल्या. आमचा कॅप्टन दर ओव्हरला यायचा आणि विचारायचा, "अजून एक?" मी म्हणायचो, "टाकतो की." विसाव्या वर्षी नाही कोण म्हणतं? सात गडी मिळाले, सगळ्यांनी खांद्यावर घेतलं, रात्री पार्टी झाली. पुढं चार महिने मी कूस बदलताना आईला हाक मारत होतो. टाकायला परत लागलो, पण तो वेग काही परत आला नाही. कॅप्टनवर राग नाही. त्याला तरी कुणी शिकवलं होतं?

आता शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनिंग करून द्यायचं. बिडाचं कास्टिंग येतं तेव्हा त्याची वरची कातडी कडक असते, आत वाळूचे कण रुतलेले असतात. ती काढायला रफिंगचं इन्सर्ट, म्हणजे मशीनचं बदलता येणारं कापायचं पातं, लावतात, जाड धारेचं, मार खाणारं. शेवटचा अर्धा मिलिमीटर काढायला फिनिशिंगचं, धार बारीक आणि माप नेमकं. नवीन ऑपरेटर आला की एकदा तरी फिनिशिंगच्या इन्सर्टनं कातडी काढायला जातो. पहिले दोन जॉब झकास निघतात. तिसऱ्याला कोपरा तुटतो. चौथा जॉब रिजेक्ट. तुमच्या पोराच्या पहिल्या पाच ओव्हर आणि नंतरच्या पंधरा ओव्हर म्हणजे नेमकं हेच झालं.

उदाहरण जरा लंगडं आहे, कबूल. क्रिकेटमध्ये नवा चेंडू, म्हणजे पहिला कट, हुकमी बोलरलाच द्यावा लागतो. पण पुढचं ऐका. चौकोनी इन्सर्टला चार कोपरे असतात. एक बोथट झाला की फिरवून दुसरा लावायचा. टेस्टमध्ये फास्ट बोलरच्या एका दिवसाला साधारण चारच कोपरे असतात. पहिला नव्या चेंडूला. दुसरा लंचनंतर, बॅट्समन जेवून सुस्तावलेला असतो तेव्हा. तिसरा चेंडू चाळीस-पन्नास ओव्हर जुना झाला, एक बाजू खरखरीत आणि एक चकचकीत झाली, की रिव्हर्ससाठी, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या बाजूला वळतो त्यासाठी. आणि चौथा दुसऱ्या नव्या चेंडूला. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा आणि आपण नेमका तोच उधळतो. दिवसाच्या ओव्हर ९०, नवा चेंडू मिळतो ८० नंतर. म्हणजे संध्याकाळच्या शेवटच्या दहा ओव्हर, दिवसभर उभं राहून पाय जड झालेला बॅट्समन आणि हातात कोरा चेंडू. त्या वेळी तुमच्या हुकमी बोलरचा दम संपलेला असेल, तर दुपारी तीन वाजता सेट जोडी फोडायला त्याला का बोलावलं होतं?

आता हिशेब करा. ५, ४, ४ आणि शेवटी ४. झाल्या १७. उरल्या ७३. बाकीचे बोलर तीनच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चोवीसच्या वर. एवढ्या टाकल्या की तेही ढिले पडणार, धावा सुटणार, आणि कॅप्टनची नजर फिरून हुकमी बोलरकडंच जाणार. आपण सगळे हुकमी बोलरच्या ओव्हर मोजत बसतो. मोजायच्या असतात समोरच्या एंडच्या.

नादखुळा, तुझा जॉन्सन बरोबर आहे, पण अर्धाच. क्लार्कला त्याला तीन ओव्हरनंतर बाजूला करता आलं, कारण दुसरीकडं रायन हॅरिस होता, त्याच्या २२ विकेट. नॅथन लायन होता, त्याच्या १९. सिडल एका टप्प्यावर दिवसभर टाकत राहायचा आणि वॉटसन पाचवा. तीच अकरा माणसं पाचही टेस्ट खेळली. जॉन्सनच्या बाउन्सरला घाबरलेल्या माणसाला समोरच्या एंडला जाऊन सुटका मिळत नव्हती. समोर कुणी सोपं टाकत असतं तर इंग्लंडवाल्यांनी जॉन्सनच्या तीन ओव्हर मान खाली घालून काढल्या असत्या आणि दुसरीकडं चौके मारत बसले असते. वस्तादाचा डाव वगैरे तालमीच्या भिंतीवर लिहायला ठीक आहे.

आपल्याकडं उलटं झालंय. १९८३ ला अहमदाबादला कपिलनं वेस्ट इंडीजच्या एका डावात ८३ धावांत ९ गडी घेतले, ३०.३ ओव्हर टाकून. आपण हरलो. १९९९ ला कोलकात्यात श्रीनाथनं पाकिस्तानचे १३ गडी घेतले, दुसऱ्या डावात ८६ ला ८. आपण हरलो. २०२४-२५ ला ऑस्ट्रेलियात बुमराच्या ३२ विकेट, सरासरी १३.०६. मालिका ३-१ नं गेली. मेलबर्नच्या एका टेस्टमध्ये त्यानं ५३.२ ओव्हर टाकल्या. तिथं शेवटच्या जोडीनं, लायन आणि बोलंडनं, ६१ धावा काढल्या आणि ती फोडायलाही त्यालाच यावं लागलं. पुढच्याच आठवड्यात सिडनीत १० ओव्हर टाकून पाठ धरली, आणि शेवटच्या डावात १६२ वाचवायचे होते तेव्हा तो मैदानाबाहेर. एकट्याच्या नावावर एवढं मोठं पीक दिसलं की मी खूश होत नाही, शेजारचं शिवार कोरडं का हे बघतो.

मामांना मेलबर्न १९८१ सांगा. कपिलचं नाव घेतात ना? चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या आणि मांडी दुखावल्यामुळं कपिल टाकतच नव्हता. घावरी आणि दोशीनं टाकलं. घावरीनं ग्रेग चॅपलला पहिल्याच चेंडूवर पायामागून बोल्ड काढला. दिवस संपला तेव्हा २४ ला ३. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेऊन कपिल आला आणि २८ ला ५ घेतले. ऑस्ट्रेलिया ८३ वर खलास. सगळ्यांना कपिलची मांडी आठवते. आदल्या संध्याकाळी दुसऱ्यांनी जी कातडी काढून ठेवली होती ती कुणी सांगत नाही. दोशी तर स्वतः पायाच्या दुखापतीसकट टाकत होता.

जाता जाता. आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केले, हे आपण छाती फुगवून सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण मला प्रत्येक वेळी काठेवाडचा ओपनिंग बोलर आठवतो. शेवटी त्यांच्या कॅप्टननं मॅचच सोडून दिली. माझ्या कॅप्टनपेक्षा दयाळू म्हणायचा.

शिफ्ट सुरू झाली. बाकीचं नंतर.

आकडेमोड_शाहूपुरी
सोमवार, दुपारी १:१५

रफिंगकट, पोस्ट झकास, पण दोन ठिकाणी तुम्ही चेंडू घासून घेतलाय.

अहमदाबादला आपल्याला २४२ हव्या होत्या आणि आपण १०३ ला आउट झालो. कोलकात्यात २७९ हव्या होत्या, ४६ नं हरलो. कपिल आणि श्रीनाथला चुकीचं वापरलं म्हणून नाही, बॅटिंग ढेपाळली म्हणून. शेजारचं शिवार कोरडं होतं ते बॅट्समनचं. ऑस्ट्रेलियातही सिराजनं २० गडी घेतले होते. पर्थला बुमराचे ३० ला ५ होते तेव्हा हर्षित राणाचे ३ आणि सिराजचे २, सगळा संघ १०४ मध्ये गुंडाळला. म्हणजे समोरचा एंड अगदीच ओस पडलेला नव्हता.

दुसरं, चार कोपऱ्यांचा नियम सगळ्यांना लावू नका. काही बोलर तापायलाच पाच ओव्हर घेतात. २००८ ची पर्थ टेस्ट. १९ वर्षांचा इशांत ऑस्ट्रेलियाच्या पाँटिंगला सतावत होता, बीट करत होता, पण गडी काही मिळत नव्हता. स्पेल लांबलेला, कॅप्टन कुंबळे त्याला काढणार होता. सेहवाग म्हणाला, हा दिल्लीकडून लांब स्पेल टाकतो, अजून एक दे. त्या एका ओव्हरमध्ये पाँटिंग स्लिपमध्ये द्रविडकडं झेल देऊन गेला. टेस्ट आपण ७२ नं जिंकली. तुमच्या हिशेबानं इशांतला केव्हाच स्वेटर देऊन फाइन लेगला पाठवला असता.

आणि नुसती विश्रांती दिली म्हणजे धार येते असंही नाही. २०२५ ला इंग्लंडमध्ये बुमराला जपून वापरलं. लीड्सला पहिल्या डावात ८३ ला ५, पण दुसऱ्या डावात १९ ओव्हर, गडी शून्य, आणि इंग्लंडनं ३७१ गाठले. लॉर्ड्सला पहिल्या डावात ५, दुसऱ्या डावात २. मँचेस्टरला ३३ ओव्हरमध्ये ११२ धावा, २ गडी. उलट सिराज पाचही टेस्ट खेळला, १८५.३ ओव्हर टाकल्या, २३ गडी घेतले आणि शेवटच्या सकाळी ओव्हलला ६ धावांनी मॅच काढून दिली. कुणाला जपायचं आणि कुणाला दामटायचं हे इन्सर्टच्या डब्यावर लिहिलेलं नसतं. माणूस ओळखावा लागतो.

मावसभावाला मात्र एवढं सांगा की बर्मिंगहॅमला बुमराशिवाय जिंकलो, त्यात आकाशदीपचे १० गडी होते. तो काही बुमराचा बदली म्हणून बुमरासारखं टाकायला गेला नाही. स्वतःचं टाकलं.

कळंब्याची_फिजिओ
सोमवार, संध्याकाळी ६:३०

तुमचं क्रिकेट चालू द्या, मी फक्त पाठीबद्दल बोलते. माझ्याकडं दर सीझनला अशी दोन-तीन पोरं येतात, बरोबर वडील आणि मागं टीमचे कुणीतरी काका. काकांचा प्रश्न ठरलेला असतो, "रविवारपर्यंत बरा होईल का?"

एकोणिसाव्या वर्षी कमरेच्या मणक्याचं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि त्याच क्षणी कंबर वाकून वळत असते. २० ओव्हर म्हणजे हे १२० वेळा. पण नुसता आकडा वाईट नसतो, अचानक उडी वाईट असते. जो आठवडाभर नेटमध्ये दररोज चार-पाच ओव्हर टाकतो त्याच्यासाठी १५ ओव्हर चालून जातील. जो आठवड्यात एकदा येऊन तीन ओव्हर टाकतो आणि रविवारी २० टाकतो, त्याचं हाड तक्रार करणार. म्हणून पूर्ण आराम देऊन थेट मॅचला उतरवणं हाही उपाय नाही.

पंचगंगाकाठ, एक विचारा. उजव्या हातानं टाकतो ना? मग दुखणं कमरेच्या डाव्या बाजूला एका ठिकाणी आहे का, आणि मागं वाकलं की वाढतं का? तसं असेल तर बर्फ-बाम बंद, चेंडू हातात द्यायचा नाही, हाडाच्या डॉक्टरांकडं न्या. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. दोन्हीकडं आखडलं असेल आणि चार दिवसांत उतरलं असेल तर बहुतेक स्नायूचं आहे. तरी दाखवून घ्या. बुमराचंही २०१९ ला कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरपासूनच सुरू झालं, २०२३ ला पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्यामागं अख्खं बोर्ड उभं होतं. तुमच्या पोरामागं तुम्ही आहात.

आणि तो घरी काय काम करतो तेही विचारा. ओव्हर सगळे मोजतात, हे कुणी मोजत नाही.

पंचगंगाकाठ
मंगळवार, रात्री ९:५०

ताई, तुमचं वाचलं आणि आज सकाळी गाडी काढून त्याच्या गावी गेलो.

दुखणं दोन्हीकडं होतं, आता नाही, मागं वाकूनही दाखवलं. तरी उद्या डॉक्टरांकडं नेतोय. पण खरी गोष्ट पुढं. मी पोचलो तेव्हा साहेब दुधाचे कॅन टेम्पोत चढवत होते. वाडीतलं दूध गोळा करून डेअरीला घालायचं काम आहे त्याच्याकडं. रोज पहाटे दहा-बारा कॅन, एकेक चाळीस लिटरचा. मॅचच्या दिवशीही चढवूनच आला होता. मी सहा महिने त्याला ओळखतोय आणि मला हे माहीत नव्हतं. त्याचा चुलतभाऊ तयार झालाय, मॅच असेल त्या आठवड्यात तो चढवणार. मी त्याला चहा पाजला आणि शब्द घेतला.

मग त्याला म्हटलं, तुला कधी टाकायला आवडतं? पोरगं लाजलं. म्हणालं, "दादा, खरं सांगू का? मला नवा चेंडू हातात बसत न्हाई. गुळगुळीत लागतोय, निसटतोय. जुना झाला की मग कळतंय कुठं जाणार." आता बोला! ज्याला मी सीझनभर नवा चेंडू देतोय त्याला तो नकोच आहे. चार गडी घेतले ते निव्वळ वेगावर. रफिंगकट, आता तुमच्या चार कोपऱ्यांचं काय करायचं?

रफिंगकट
मंगळवार, रात्री ११:३०

आकडेमोड, इशांतचं मान्य. सेहवागला माहीत होतं म्हणून इशांतला ती ओव्हर मिळाली. माझ्या कॅप्टननंही "अजून एक?" हेच विचारलं होतं, फक्त त्याला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. कपिल-श्रीनाथच्या पराभवांचं अर्धं मान्य, अर्ध्यासाठी प्रत्यक्ष भेटू.

पंचगंगाकाठ, पोरानं तुमचं काम सोपं केलंय. त्याचा पहिला कोपरा कापून टाका. नवा चेंडू द्या दोन ओव्हर, समोरच्याला वेग दिसावा म्हणून, किंवा देऊच नका. तुमच्याकडं कुणीतरी मध्यम वेगाचा, स्विंग करणारा, पोट सुटलेला माणूस असेलच, प्रत्येक टीममध्ये असतो. नवा चेंडू त्याचा. पोराला आणा पंचविसाव्या ओव्हरच्या पुढं. मोठी माणसंही हेच करतात. २०२५ ला ओव्हलच्या शेवटच्या सकाळी ८० ओव्हर झाल्यावर नवा चेंडू मिळत होता, कॅप्टन गिलनं घेतला नाही. जुना चेंडू हलत होता, सिराजच्या हातात बसला होता, मग बदलायचा कशाला? ८५.१ व्या ओव्हरला इंग्लंडच्या ॲटकिन्सनचा स्टंप उडाला. विशाखापट्टणमला २०२४ मध्ये बुमरानं इंग्लंडच्या पोपचे स्टंप उडवले तोही जुनाच, रिव्हर्स होणारा यॉर्कर. त्याच गावात २०१९ ला शमीनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या डावात ३५ ला ५ घेतले. पिच खाली राहत होतं आणि तो स्टंपवर टाकत होता. आपल्याकडं फास्ट बोलर म्हटलं की गवत आणि स्लिपची रांग आठवते. जुन्या चेंडूच्या फास्ट बोलरला स्लिप एक पुरते. बाकीची माणसं समोर लावा. मिड-ऑन, मिड-ऑफ सरळ आणि जवळ, शॉर्ट मिडविकेट एक. बोल्ड आणि एलबीचं दुकान.

एंडचं. आपल्याकडं दुपारनंतर वारा सुटतो. पोराला पाठीवर वारा द्या. समोरून, वाऱ्यात तोंड खुपसून टाकायला एक खमक्या लागतो, शक्यतो स्पिनर. त्याचं कौतुक मॅचनंतर आधी करा. चेष्टा करत नाही, तेवढ्यानं तो पुढच्या रविवारी परत वीस ओव्हर टाकेल.

आणि "कुणासमोर" विचारलं होतं. सेट झालेल्या दोघांसमोर त्याला उगाच जाळू नका. ते धावा काढोत, स्पिनर आणि पोट सुटलेला सांभाळतील. त्यातला एक गेला की पहिल्याच चेंडूला पोराला आणा. नवा माणूस, डोळे बसलेले नाहीत, आणि समोर हा. तीन ओव्हर. गडी नाही आला तरी काढा. तो तोंड वाकडं करेल, करू दे. मी १९९६ ला कुणी काढलं असतं तर मीही केलं असतं.

राहता राहिला वेग. सगळं जोरात टाकलं की बॅट्समनला जोराची सवय होते. २०१८ ला मेलबर्नच्या मेलेल्या पिचवर, लंचच्या आधीच्या शेवटच्या चेंडूला बुमरानं ऑस्ट्रेलियाच्या शॉन मार्शला संथ यॉर्कर टाकला. मिड-ऑफवरून रोहितनं सुचवलं होतं. मार्शची बॅट आधीच येऊन गेली, चेंडू मागून आला, एलबी. त्या डावात ३३ ला ६. तुमच्या पोराला असा एक चेंडू शिकवायला सहा महिने लागतील. मला शिकवता येतो, टाकता येत नाही.

नेट कधी असतं तुमचं?

पंचगंगाकाठ
बुधवार, सकाळी ६:५५

गुरुवारी, मेरी वेदर ग्राउंडवर, सकाळी साडेसहाला. डॉक्टरांनी सोडलं तर पोरगं असेल, नाहीतर आपण दोघं चहा पिऊ. पोट सुटलेला माणूस तुम्हाला लगेच ओळखू येईल. मीच तो. निवृत्ती मागं घेतोय.

रफिंगकट
बुधवार, सकाळी ७:०५

येतो. पन्नासेक ओव्हर झालेले दोन चेंडू काढून ठेवा, नवा नको.

नादखुळा_९९
बुधवार, सकाळी ७:०६

मी बॅटिंगला येऊ का?

रफिंगकट
बुधवार, सकाळी ७:०८

हेल्मेट घालून ये.